बुखाऱ्यातला तान्हा पोळा

नागपूर विमानतळावर माझी बॅग यंत्रातून गेली आणि पडद्यासमोर बसलेला माणूस थबकला. त्यानं पट्टा मागं घेतला, परत पुढं नेला, मग शेजारच्याला बोलावलं. दोघं वाकून पाहायला लागले. मीही मान वाकडी करून पाहिलं. माझ्या शर्टांच्या मधोमध चार चाकं, चार पाय आणि दोन शिंगं दिसत होती.

"ये क्या है?"

"नंदी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

बॅग उघडायला लावली. वर कपडे, आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेला माझ्या पोरीचा लाकडी नंदी. वीतभर उंच, सागवानी, अल्लीपूरच्या सुतारानं केलेला, गळ्यात घुंगरू. मागच्या रांगेतले लोक फिदीफिदी हसत होते. मला हसू येत नव्हतं, कारण तो नंदी मी बॅगेत ठेवलाच नव्हता.

बाजूला होऊन हिंगणघाटला बायकोला फोन लावला. "काय वो, माह्या बॅगेत नंदी काऊन टाकला?"

"मी कायले टाकू?" ती उखडली. मग तिचा आवाज खाली आला. "तिनंच टाकला असंन. सकाळपासून पलंगाच्या मांगं जाऊन बसली हाय. म्हणते, बाबा नाई तं नंदी बी नाई. मले पोळाच नाई कराचा."

आमच्याकडं, वर्धा-नागपूरकडं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. बैलांचा पोळा झाला की पोरांचा. लाकडी नंदीला बेगड लावायची, पाठीवर झूल टाकायची आणि दोरीनं ओढत घरोघर न्यायचा. घरची बाई नंदीला कुंकू लावते आणि पोरांच्या हातावर बोजारा ठेवते, म्हणजे खाऊ, एखादं नाणं. आमच्या गल्लीत खड्डे इतके की चाक अडकलं की नंदी कलंडतो, आणि नंदी कलंडला की आमची पोट्टी भोकाड पसरते. म्हणून दरवर्षी दोरी तिच्या हातात आणि नंदीच्या मागं कंबरेत वाकून मी. या वर्षी मी नव्हतो.

मी कापसाच्या जिनिंगच्या मशिनी बसवतो. सरकीपासून रुई वेगळी करणारी मशीन आमच्याकडून दूरदूरच्या देशांत जाते, आणि तिच्या मागोमाग मी. बुखारा हे उझबेकिस्तानातलं जुनं शहर. आमचा कापूस दसऱ्या-दिवाळीला घरी येतो, त्यांचा सप्टेंबरातच फुटतो. मशीन त्याआधी फिरायला पाहिजे, म्हणून ऐन पोळ्याच्या तोंडावर निघावं लागलं. हे सगळं सहा वर्षांच्या पोरीला समजावून सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्या बॅगेत नंदी कोंबला.

ताश्कंदला पुन्हा तेच. तिथल्या गणवेशातल्या माणसानं नंदी बाहेर काढला, उलटा केला, पोट ठोकून पाहिलं. मग काउंटरवर ठेवून एक बोट लावलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवला. घुंगरू वाजलं. त्यानं गंभीर चेहऱ्यानं नंदी माझ्या हातात दिला आणि पासपोर्टवर शिक्का मारला.

बुखाऱ्यात पोचल्या पोचल्या घरी फोन केला. पोट्टी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. बायको म्हणायची, "इथंच हाय, पडद्याच्या मांगं. आयकून राह्यली. पण बोलत नाई." मला आधी राग आला. एवढ्याशा पोट्टीला एवढा ताठा! कोणावर गेली, हे विचारायची सोय नाही. घरात तापट माणूस एकच आहे. मग रागाचं दुसरंच काही झालं. तान्ह्या पोळ्याचं वय फार थोडं असतं. दोन-तीन वर्षांनी तिला नंदी ओढायची लाज वाटेल, मैत्रिणी हसतील. मोजके पोळे हातात, त्यातला एक माझ्यापायी बुडत होता, आणि ती माझ्याशी बोलतही नव्हती. रोलर बसवताना हातातला पाना सुटायचा. मी उगाच तिथल्या पोरांवर ओरडायचो, आणि मराठीत ओरडायचो, त्यामुळं ते अजूनच प्रेमानं चहा आणून द्यायचे.

जुनं शहर कारखान्यापासून जवळ. संध्याकाळी मोकळा असायचो, पण खरं सांगतो, जुन्या इमारती पाहायची मला काडीची हौस नव्हती. मेलेल्या राजांच्या भिंती पाहून काय करायचं? पण एका संध्याकाळी डोक्यात आलं, पोट्टी माझ्यासाठी फोनवर येत नाही, नंदीसाठी तरी येईल. नंदी पिशवीत घातला आणि निघालो.

समोर अर्क, म्हणजे तिथल्या अमीरांचा किल्ला. नंदी भिंतीसमोर फरशीवर ठेवला आणि फोटो काढायला गेलो, तर नंदी येतो तर भिंत येत नाही, भिंत येते तर नंदी मुंगीएवढा. गुडघ्यावर बसलो, तरी जमेना. शेवटी इकडंतिकडं पाहिलं आणि सरळ पालथा पडलो, हनुवटी फरशीला टेकवली आणि वर पाहिलं.

अरे बापा!

उभ्यानं पाहिली तेव्हा ती एक मोठी भिंत होती. झोपून पाहिली तर तिनं आभाळ खाऊन टाकलं होतं. मातकट, फुगीर, मागं कललेली, टेकडीच उठून उभी राहिलेली. तिच्यातून लाकडी वाशांची टोकं बाहेर आलेली, आणि त्यांच्या सावल्या भिंतीवर लांबच लांब पडलेल्या. नंदीच्या शिंगांवरून नजर वर जात होती, जात होती, आणि संपतच नव्हती. मी फोटो काढायचं विसरलो. हे माणसांनी केलं? टोपल्या वाहणाऱ्या, घाम पुसणाऱ्या, संध्याकाळी घरी जाऊन जेवणाऱ्या माणसांनी?

एक पहारेकरी धावत आला. त्याला वाटलं, मी चक्कर येऊन पडलो. मी नंदीकडं बोट केलं. तो उकिडवा बसला, नंदीकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, आणि नंदी जरासा डावीकडं सरकवला. खरंच, तिथून उजेड चांगला येत होता.

फोटो पाठवला. थोड्या वेळानं बायकोचा फोन. "पाह्यला तिनं. बोलली काईच नाई. पण फोन हातातून सोडतच नाई वो माय!"

मग माझा रोजचा धंदाच झाला. मशीन आटोपली की नंदीला पिशवीत घालायचं आणि एकेक ठिकाण गाठायचं, दोघांनी. नंदी चाकांवर उभा, मी पोटावर आडवा. शर्टांची कोपरं फाटली. पण त्या जागेवरून मी बुखारा जसा पाहिला तसा उभ्यानं फिरणाऱ्या कोण्या पर्यटकानं पाहिला नसेल, हे छातीठोकपणे सांगतो.

एका बागेत जुन्या राजघराण्याची कबर आहे. आपल्या गावच्या देवळाएवढीच, चौकोनी, वर घुमट. लांबून पाहून मी म्हटलं, यासाठी एवढी पायपीट? जवळ गेलो आणि तोंड उघडंच राहिलं. नुसत्या विटा, रंगाचं बोटही नाही. पण कुठं वीट उभी, कुठं आडवी, कुठं तिरपी, कुठं मधेच बाहेर काढलेली, आणि सगळी भिंत टोपलीसारखी विणलेली. सूर्य खाली गेला तशा सावल्या सरकल्या आणि माझ्या डोळ्यांदेखत भिंतीची वीण बदलली. हजारेक वर्षांची आहे म्हणे ती. मी तिच्यावर हात ठेवला. ऊन जिरून वीट कोमट झाली होती. कोणीतरी ही हातात घेऊन क्षणभर थांबला असेल, म्हणाला असेल, हिले तिरपी ठेवू. एवढाच विचार, आणि तो अजून तिथं आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोखंडात जन्म गेलेल्या माणसाला विटा पाहून रडू येतं म्हणजे काय? पण आलं, आणि मी ते पुसलंही नाही.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा फोटोऐवजी व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा कबरीकडं फिरवला. पडद्यावर बायकोचा अर्धा चेहरा, आणि तिच्या मागं कुजबुज. "आई, विचार नं, आतमंदी कोण हाय?"

"आतमंदी कोण हाय म्हणते," बायको म्हणाली, जसं मला ऐकूच आलं नाही.

"राजा झोपला हाय."

कुजबुज. "कदी उठन म्हणते."

"तिले म्हण, स्वतः विचारजो."

तिच्या मागचा दाराचा पडदा हलला. पैंजण वाजत दूर गेलं. "गेली," बायको म्हणाली. "तुमाले बी दम निघत नाई. कायले छेडता तिले? येत होती नं हळूहळू!" मी त्या राजासमोर बसून स्वतःला चार शिव्या घातल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी जुन्या तळ्याकाठी होतो. चौकोनी दगडी तळं, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या, काठावर म्हाताऱ्या तुतीची झाडं, त्यांची खोडं पिळलेल्या कपड्यासारखी. झाडांखाली चहावाल्यांची बाजेसारखी बैठक. समोर जुन्या मदरशाच्या दरवाजाच्या कमानीवर निळे पक्षी चितारलेले, आणि ते अख्खेच्या अख्खे पाण्यात उतरलेले. एवढ्यात बायकोचा फोन.

"आज खांदशेकणी हाय. नंदीचे खांदे शेकले काय, असं कोणीतरी विचारून राह्यलं."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे गरम पाण्यानं शेकतात, लोणी-हळद चोळतात. वर्षभर जू ओढून खांदा दुखतो ना! आणि मग बैलाला हात जोडून म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायले या. आता इथं गरम पाणी कुठून आणू? समोर चहाची किटली होती, हिरव्या चहाची. रुमाल त्यात बुडवला, पिळला आणि लाकडी खांद्यावर ठेवला. नाश्त्याच्या पावाबरोबरचं लोणी उरलं होतं, ते चोळलं. शेजारच्या बैठकीवरचे म्हातारे सोंगट्या खेळायचं थांबले. चहा देणाऱ्यानं किटलीत डोकावून पाहिलं, नंदीकडं पाहिलं, आणि काही न बोलता दुसरी किटली आणून ठेवली.

मी फोन किटलीला टेकवला आणि नंदीला हात जोडून मोठ्यानं म्हणालो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या!"

फोनमधून हसू आलं. बायकोचं नव्हतं ते. लगेच तोंडावर हात दाबल्यासारखं बंद झालं. पण आलं होतं, मी ऐकलं होतं! मी त्या म्हाताऱ्यांकडं पाहून मुठी वर केल्या, आणि तेही हसायला लागले.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी कारखान्यातल्या मुकादमाला सुट्टी मागितली. डोक्यावर दोन बोटं धरून शिंगं केली आणि 'सण, सण' म्हणालो. त्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानं छातीवर हात ठेवून मान लववली. खोलीवर बसून नंदी सजवला. बेगड नव्हती, चॉकलेटच्या चांद्या शिंगांना गुंडाळल्या. अंगणातला झेंडू घरमालकिणीला विचारून तोडला. दोरी लाल लोकरीची केली. मग घरी फोन लावला, कॅमेरा नंदीकडं फिरवला आणि बायकोला म्हणालो, "तिले म्हण, नंदी निघाला. बोलाचं नसंन तं नको बोलू, नुसतं पाह्य."

"घरात बसून हाय," ती म्हणाली. "गल्लीतले सगळे पोट्टे येऊन गेले बोलवाले. दारात बी नाई आली."

बुखाऱ्यात जुने बाजार घुमटांखाली आहेत. चार रस्ते येऊन मिळतात आणि वर विटांचा प्रचंड घुमट, म्हणजे व्यापारी सावलीत. बाहेर रखरखीत ऊन, आत पाऊल टाकलं की रांजणाजवळचा गारवा. एका हातात फोन, एका हातात दोरी घेऊन मी आत शिरलो आणि फरशीवर चाकांची खडखड सुरू झाली. तो आवाज वर गेला, घुमटाला लागला आणि चौफेर परत आला. वीतभर नंदी, पण शंभर बैलजोड्या चालल्यासारखा अख्खा बाजार दुमदुमला. अंगावर काटा आला माझ्या. या घुमटाखालून उंट गेले असतील, घोडे गेले असतील, रेशीम, मसाले, काय काय गेलं असेल. आज हिंगणघाटचा नंदी चालला होता, आणि घुमटानं त्यालाही तेवढाच मान दिला.

पहिल्याच दुकानात टोप्या विकणारी एक म्हातारी होती. मी तिच्यासमोर थांबलो. आता काय म्हणायचं? चाळिशीचा बाप्या, नंदी घेऊन दारात उभा. घरी तर काही म्हणावंच लागत नाही, दार आपोआप उघडतं. कान गरम झाले माझे. म्हातारी माझ्याकडं पाहत होती, नंदीकडं पाहत होती. मग ती गुडघे धरत उठली, खाली वाकली, नंदीच्या कपाळाला तळवा लावला, तोच तळवा आपल्या छातीवर ठेवला. आणि मूठभर मनुका त्याच्यासमोर ठेवल्या.

मी तिला काही सांगितलं नव्हतं. देवाशपथ, एक शब्द नाही!

"पाह्यलं?" मी फोनमध्ये ओरडलो. "बोजारा भेटला! नंदीले बोजारा भेटला!"

मग म्हातारीनंच शेजारणीला हाक मारली. तिनं रंगीत रेशमाचा तुकडा कापून नंदीच्या पाठीवर टाकला, झाली झूल. सुरीवाल्यानं खडीसाखर दिली. एकीनं अख्खी गोल रोटी दिली, ती नंदीच्या पाठीवर मावेना म्हणून माझ्या काखेत खोचली. दुकानामागून दुकान, आणि फोनमधून आवाज नाही, पण मला माहीत होतं की तिकडं पडद्याच्या मागं कोणी राहिलेलं नाही. फोनच्या पडद्यावर आता एक वेणी दिसत होती, आणि अर्धा कान.

बाजारातून बाहेर पडलो तो थेट मोठ्या मिनाराच्या चौकात. गावात कुठंही जा, तो छपरांवरून डोकावायचाच, पण जवळ मी मुद्दाम गेलो नव्हतो. आजच्यासाठी राखून ठेवला होता. एका बाजूला मशीद, एका बाजूला मदरसा, मध्ये मोकळी फरशी, आणि एकटा मिनार. सूर्य बुडत होता. मी नंदी ठेवला, रोटी बाजूला ठेवली, लोक पाहत होते तरी आडवा झालो आणि मान वर केली.

काय सांगू! विटांचे पट्टे, एकावर एक, आणि एकाची नक्षी दुसऱ्यात नाही. खालचे पट्टे सावलीत गेलेले, वरचे अजून पेटलेले. पार वर एक निळी पट्टी, आणि तिच्याही वर पाकोळ्या फिरत होत्या. म्हणतात, हे शहर धुळीला मिळवणाऱ्यालाही हा मिनार पाडवला नाही. रात्री वाळवंटातून येणाऱ्यांना वरचा दिवा दिसायचा आणि त्यांना कळायचं, गाव आलं. आपण किती लहान आहोत हे कळून कधी आनंद होतो, हे मला त्या फरशीवर कळलं.

"पाह्य," मी म्हणत होतो, आणि फोन हळूहळू वर नेत होतो. "हे खालचे पट्टे पाह्य. आता वर, अजून वर. ते निळं दिसून राह्यलं काय? केवढा हाय पाह्य तरी! आपल्या नंदीच्या शिंगावरून चालला थेट आभायात!"

लाइन तुटली की काय म्हणून मी फोन जवळ घेतला.

"बाबा."

फोनच्या अगदी जवळून आला आवाज. किती दिवसांनी!

"काय बेटा?"

"फोन पलटवा."

"काऊन? मिनार नाई पाहाचा?"

"पाह्यला मी मिनार. भिंत बी पाह्यली, राजा बी पाह्यला, नंदी बी पाह्यला." तिचा आवाज फुटायला लागला होता. "रोज सगळे दिसून राह्यले. तुमीच दिसून नाई राह्यले!"

मी उठून बसलो. कॅमेरा फिरवायचं ते बटण मला सापडेना. सापडलं एकदाचं. धुळीनं भरलेला माझा चेहरा पडद्यावर आला, मागं मिनार असेल, मी पाहिलं नाही. ती पडद्याला नाक लावून बसली होती. गाल ओले, डोळे मोठे, पापणी हलत नव्हती. मी बोलायला तोंड उघडलं, तिला सांगायचं होतं की येतो, लवकर येतो, पुढचा पोळा चुकवत नाही.

"बोलू नोका नं," ती म्हणाली. "थांबा. मले पाहू द्या."

मी थांबलो. तिनं मला डोळे भरून पाहून घेतलं.